मीटरवरची लाल चांदणी

सूर्यभान येळवंड्यांचा उभ्या आयुष्यात कशातच पहिला नंबर आला नव्हता. शाळेत ते पाचवे-सहावे यायचे. कारखान्याच्या गॅदरिंगला लिंबू-चमच्याच्या शर्यतीत एकदा तिसरे आले होते. घरात म्हणाल तर ते स्वतः, म्हणजे गावाचे अण्णा, आणि बायको सत्यशीलाबाई अशी दोनच माणसं, आणि त्यातला पहिला नंबर कुणाचा हे लग्नाच्या वर्षीच ठरून गेलेलं. त्यामुळे दहा जानेवारीला आंबेडोह ग्रामपंचायतीच्या फळ्यावर त्यांचं नाव सगळ्यात वर लागलं, तेव्हा त्यांना निदान थोडा तरी आनंद व्हायला हवा होता. पण फळ्याच्या डोक्यावर लिहिलेलं होतं, ‘मागील महिन्यात सर्वाधिक पाणी वापरणारी दहा घरे’.

आणि ही यादी फळ्यावर लावायची कल्पना कुणाची? अण्णांचीच.

अण्णा साखर कारखान्यात काट्यावर क्लार्क होते, एक-दोन नाही, बत्तीस वर्षं. उसाची भरलेली गाडी आली की तोलायची, खाली होऊन आली की पुन्हा तोलायची, भरलेल्यातून रिकामी वजा करायची, उरेल तो ऊस. या वजाबाकीवर पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांचा इतका विश्वास होता, की अण्णांनी तोललंय म्हटल्यावर कुणी पावतीसुद्धा वाचत नसे. असा माणूस निवृत्त होऊन रिकामा बसलेला गावाला परवडत नाही. आंबेडोहला चोवीस तास पाण्याची योजना आली, घरोघर मीटर बसले, आणि पाणी समितीचं अध्यक्षपद आपल्या पायांनी चालत अण्णांच्या ओसरीवर आलं.

अण्णांनी आठ दिवस घेऊन नऊ कलमांची नियमावली लिहिली. अक्षर असं सुरेख, की ग्रामसेवकाने ती टाईप न करता तशीच लावली. तिसरं कलम, सार्वजनिक नळ बंद करण्यात यावा, कारण तो कुणाचाच नसल्याने वाहत राहतो. सातवं कलम, मीटरचे पाणी पाईप लावून कुंपणाबाहेर देऊ नये. नववं कलम सगळ्यात कडक. यादीत जो पहिला येईल, त्याचं कनेक्शन महिनाभर बंद. एवढ्यावर न थांबता त्यांनी गावातल्या बायकांना जमवून भाषण दिलं होतं. चोवीस तास पाणी आलं तरी आंबेडोहच्या बायका रोज सकाळी सगळे हंडे-कळशा नव्याने भरत आणि कालचं पाणी शिळं म्हणून अंगणात ओतत. पाणी म्हणजे भाकरी नव्हे, ते शिळं होत नाही, असं अण्णांनी त्यांना पाऊण तास समजावून सांगितलं होतं.

त्या पाऊण तासाची परतफेड आता सुरू झाली. गिरणीत दळण घेऊन गेले तर दोघीतिघी एकमेकींकडे बघून हसल्या. एकीने विचारलं, “अण्णा, तुमच्यात पानी शिळं व्हत न्हाई, मंग जातं कुठं?” अण्णांनी दळणाचा डबा तिथेच ठेवला आणि पंचायतीत गेले.

सरपंच मुक्ताबाई बोलायला गोड आणि कारभाराला पक्क्या. त्या म्हणाल्या, “अण्णा, मी काय तुमच्यावर संशय घेते का? पण कलम तुमचं, यादी तुमची. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत खुलासा करा. न्हाई तर मला कनेक्शन तोडावं लागंल, आणि मंग पाणी समितीच्या अध्यक्षालाच पाणी न्हाई, हे बरं दिसायचं न्हाई.”

ग्रामसेवकाने मात्र वाट दाखवली. नवव्या कलमाखाली बारीक अक्षरात अण्णांनीच एक सवलत लिहून ठेवली होती, गळती सिद्ध झाल्यास नाव वगळावे. आता गळती सिद्ध कशी करायची? तर घरातले सगळे नळ बंद करून दोन तास मीटर बघायचं. मीटरच्या काचेखाली एक बारीक लाल चांदणी असते. थेंबभर पाणी गेलं तरी ती फिरते. नळ बंद असताना चांदणी फिरली तर गळती आहे, असा दोन पंचांसमक्ष कागद करायचा. कागद आला की नाव गेलं.

अण्णा घरी आले ते एकच इच्छा घेऊन. आपल्या घरात भरपूर मोठी गळती निघावी. माणसं घर बांधताना देवाला नारळ फोडतात तो घर गळू नये म्हणून. अण्णांनी त्या दिवशी संध्याकाळी दिवा लावताना हात जोडले ते उलट कारणासाठी. तसा हा माणूस भाबडा होता, पण स्वतःच्याच कलमातून सुटण्यासाठी कुणाच्या हातापाया पडायला गेला नाही, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला त्यांनी आपली नित्याची झोप रद्द केली. ही साधी गोष्ट नव्हे. दोन ते चार ही झोप त्यांनी निवृत्तीनंतर एकही दिवस चुकवली नव्हती. त्यांनी मीटरपाशी पाट टाकला, चष्मा पुसला आणि हाक मारली, “अगं, सगळे नळ बंद केलेस का?”

“घरातले सगळे नळ बंद आहेत,” सत्यशीलाबाई आतून म्हणाल्या.

अर्धा तास चांदणी गप्प होती. मग एकदम फिरू लागली, आणि काय फिरू लागली. अण्णांना आनंदाने उभं राहावंसं वाटलं. ते ओरडले, “अगं, लवकर ये, गळती आहे.” सत्यशीलाबाई पदराला हात पुसत परसातून आल्या, वाकून बघितलं, तर चांदणी जागच्या जागी उभी.

“मला तर काही फिरताना दिसत नाही,” त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या. त्या गेल्या आणि थोड्या वेळाने चांदणी पुन्हा सुरू.

असं त्या दुपारी चार वेळा झालं. पाचव्या वेळेला बाई चहा घेऊन आल्या, तेव्हा चांदणी त्या कप खाली ठेवायच्या आत थांबली. अण्णांनी बत्तीस वर्षं काटे बघितले होते, पण माणूस बघून लाजणारा काटा त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

शेजारचा मच्छिंद्र ही हकीकत ऐकून लगोलग आला. मच्छिंद्राकडे चार म्हशी, एक मोटारसायकल आणि जगातल्या सगळ्या विषयांवरचे सल्ले होते. त्याचे वडील पाणाड्या होते. हातावर आडवा नारळ ठेवून रानात फिरायचे, आणि जिथे नारळ उभा राहील तिथे लोक विहीर खणायचे. “आण्णा, ह्ये मीटर-बिटर सोडा,” मच्छिंद्र म्हणाला. “नारळ आना एक. भुईतलं पानी घावतंय, तर पाईपातलं घावनार न्हाई व्हय?”

अण्णांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी घरातला नारळ आणून दिला. मच्छिंद्र डोळे अर्धे मिटून तळहातावर नारळ घेऊन अंगणातून, बोळातून, न्हाणीघराभोवती फिरला. नारळ ढिम्म. मागे परसात जळणाच्या ढिगापाशी, मागच्या भिंतीला लागून, नारळ हळूहळू हलला आणि उभा राहिला.

“हितं,” मच्छिंद्र म्हणाला. “हितनं पानी भिताडापल्याड जातंय.”

“तिथं नळच नाही,” अण्णा म्हणाले. “काहीतरी बोलू नकोस.”

तेवढ्यात सत्यशीलाबाई आल्या, मच्छिंद्राच्या हातावरचा नारळ उचलला आणि म्हणाल्या, “बरं झालं नारळ काढलात, मला चटणीला हवाच होता.” आणि त्यांनी तो तिथल्या तिथे दगडावर फोडला. शास्त्रीय तपासाचा तो भाग अशा रीतीने संपला.

मग अण्णांनी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. फ्लशच्या टाकीत रंग टाकायचा, आणि वापर न करता तो खाली भांड्यात उतरला तर टाकी गळते असं समजायचं. रंग कुठला, तर घरात जिलबीचा केशरी होता. अण्णांनी पुडीभर टाकला, दार ओढून घेतलं आणि मीटरपाशी जाऊन बसले. व्हिडिओत एक गोष्ट सांगायची राहिली होती, की घरातल्या आणि शेजारच्या सगळ्या माणसांना आधी कल्पना द्यावी.

मच्छिंद्र सल्ला द्यायला आला होता. मध्येच उठून संडासात जाऊन आला तो भिंत धरत आला. तोंडाला घाम.

“आण्णा,” तो म्हणाला, “माजं काय खरं न्हाई. म्हशींकडं तेवढं बघा.” आणि अण्णा काही बोलायच्या आत मोटारसायकल काढून सोनईच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी सगळं तपासून त्याला धडधाकट ठरवलं. तो परत आला तेव्हा अण्णांनी रंगाची पुडी दाखवून खुलासा केला, पण त्यानंतर दोन दिवस मच्छिंद्राने त्यांना सल्ला दिला नाही, आणि ते दोन दिवस अण्णांना कसेतरीच गेले.

वीस तारीख आली. अण्णांनी शेवटचा उपाय म्हणून कुदळ काढली. मीटरपासून पाईप जिथून जातो तिथून अंगण उकरायचं ठरवलं. वय त्रेसष्ट, कमरेला पट्टा, डोक्याला टॉवेल. तिसऱ्या की चौथ्या घावाला कुदळ पाईपातच बसली आणि पाण्याची चिळकांडी थेट अण्णांच्या चष्म्यावर आली. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. अण्णा मात्र भिजल्या अंगाने पंचायतीकडे पळाले आणि मीटरचं रीडिंग घेणाऱ्या आसारामला हाताला धरून घेऊन आले.

“बघ. आहे की नाही गळती? आता लिही.”

आसारामने बराच वेळ ते कारंजं बघितलं. तो मुळात मोजकं बोलणारा. म्हणाला, “आण्णा, ही गळती आजची हाय. यादी मागल्या म्हैन्याची हाय. मागल्या म्हैन्याची गळती दाखवा, मी लगीच लिवतो.”

पाईप जोडायला सोनईहून माणूस आणावा लागला.

इथे दुसरा माणूस थकला असता. पण अण्णांच्या अंगात काट्यावरची बत्तीस वर्षं होती, आणि काट्यावरच्या माणसाला एक सवय असते. काटा हलला की आधी वेळ लिहायची. त्यांनी वही घेतली आणि चांदणी कधी सुरू होते, कधी थांबते, ते लिहायला लागले. तीन दिवसांत चित्र स्पष्ट झालं. सकाळी काही नाही, संध्याकाळी काही नाही. दुपारी अडीच ते साडेतीन, अगदी त्यांच्या झोपेच्या पोटात, चांदणी फिरते. आणि प्रत्येक थांबण्यासमोर अण्णांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: ‘सौ. बाहेर आली.’ ‘सौ. चहा घेऊन आली.’ ‘सौ. ला हाक मारली.’

ही पानं त्यांनी दोनदा वाचली. मग स्वयंपाकघरातून पितळेचा पेला घेतला. कारखान्यात जमिनीखालची लाईन फुटली की फिटर लोक पालथा पेला भुईवर टेकवून त्याला कान लावायचे, हे त्यांनी बघितलं होतं. चोवीस तारखेला दुपारी अडीचला ते गुडघ्यांवर बसून पेल्याला कान लावत लावत बोळातून मागे सरकू लागले. आवाज वाढत गेला. न्हाणीघर गेलं, जळणाचा ढीग आला, नारळ उभा राहिला होता ती जागा आली. भिंतीला पेला लावला तर पाण्याचा आवाज तर आलाच, वर बायकांचं बोलणंही आलं.

ढिगामागे एक नळ होता. सहा वर्षांपूर्वी गाय विकली तेव्हापासून अण्णा तो साफ विसरले होते. त्या दावणीच्या नळाला हिरवा पाईप लावलेला होता, आणि पाईप भिंतीवरून पलीकडे गेला होता.

अण्णा पालथ्या घमेल्यावर चढले आणि त्यांनी पलीकडे डोकावलं.

मागच्या पडीक रानात ऊसतोडवाल्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या होत्या. दर हंगामाला असायच्या. अण्णांनी त्या बघितल्याही होत्या, आणि नव्हत्याही. पहाटे अंधारात तोडीला गेलेल्या बाया दुपारी परतल्या होत्या आणि हंडे घेऊन ओळीने उभ्या होत्या. ओळीच्या तोंडाशी सत्यशीलाबाई हातात पाईप धरून उभ्या होत्या. परसाच्या फाटकातून जाऊन. पदर खोचलेला. एका हंड्यातून दुसऱ्या हंड्यात पाईप नेताना मध्ये अंगठा दाबून धरत होत्या, म्हणजे थेंब भुईवर पडू नये. ज्या घरात लेकरं जास्त त्याला एक हंडा जास्त, असा त्यांचा हिशेब चालला होता, आणि ओळीतली एकही बाई त्यावर कुरकुर करत नव्हती. बत्तीस वर्षं माप केलेल्या माणसाला चोख माप ओळखू येतं. अण्णा बघतच राहिले.

तेवढ्यात ओळीतल्या एका बाईचं लक्ष वर गेलं. ती जामखेडकडची राहीबाई. तिने भिंतीवर उगवलेलं टॉवेल बांधलेलं डोकं आणि कानाजवळचा पेला बघितला, आणि डोक्यावरून पदर घेतला.

“मालक, तुमी व्हय,” ती म्हणाली. “लई उपकार झाले बगा तुमचे. गावातला नळ बंद झाल्यापसून आमी पार कॅनॉलवर जात हुतो. येकदा ह्या शेजारणीची पोरगी पाय घसरून पान्यात पडली, वाचली म्हना. बाईनं सांगितलं, मालकांनीच पानी द्याया सांगितलंय म्हून. देव तुमाला काय कमी पडू देनार न्हाई.”

गावातला नळ. तिसरं कलम. अण्णा घमेल्यावरून खाली उतरले.

सगळ्या बाया भरलेले हंडे घेऊन कोप्यांकडे गेल्या. सत्यशीलाबाई पाईप गुंडाळत आत आल्या. अण्णा जळणाच्या ढिगावर बसले होते.

“मला सांगायचं तरी,” ते म्हणाले.

“सांगितलं असतं तर तुम्ही कलम वाचून दाखवलं असतं,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “सातवं.”

अण्णांनी मान हलवली. खरंच, त्यांनी वाचून दाखवलं असतं. मग त्यांनी विचारलं, “आणि मीच द्यायला सांगितलं, असं का सांगितलंस त्यांना?”

“घर तुमचं, नळ तुमचा. आणि तुमच्या कानावर गेलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसता, एवढं मला ठाऊक होतं. उशिरा हो म्हणाला असता, एवढंच. हंगाम संपला असता तोवर.”

अण्णांना आपल्या बायकोचा त्या क्षणी जेवढा अभिमान वाटला, तेवढा सबंध संसारात वाटला नव्हता. पण असल्या गोष्टी बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी फक्त पाईप तिच्या हातातून घेतला आणि नीट गोल गुंडाळून खुंटीला लावला. परवा ग्रामसभा होती. नाव निघालं नाही तर कनेक्शन जाणार होतं, आणि ते गेलं तर त्या हंड्यांचं काय, हा प्रश्न आता यादीतल्या नंबरापेक्षा कितीतरी मोठा झाला होता.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, जिलबी वाटली गेली. मच्छिंद्राने जिलबीचा रंग बघून ती खाल्ली नाही. मग ग्रामसभा बसली आणि मुक्ताबाई म्हणाल्या, “अण्णा, बोला. गळती घावली का?”

“गळती नाही,” अण्णा उभे राहून म्हणाले. “पाणी आमच्याच घराने दिलं. भिंतीपलीकडं, पाईप लावून, सातवं कलम मोडून. त्याआधी तिसरं कलम मी लिहिलं आणि गावाचा नळ बंद केला, म्हणून द्यावं लागलं. हा गुन्हा कबूल आहे.”

गिरणीतल्या बायका हसायच्या थांबल्या.

“पण यादी चुकीची आहे,” अण्णा पुढे म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज काट्यावरचा झाला. “बत्तीस वर्षं मी भरलेली गाडी तोलली, मग रिकामी तोलली, मग ऊस लिहिला. नुसती भरलेली गाडी तोलून पावती दिली असती, तर तुम्ही मला काट्याला टांगलं असतं. ही यादी मी तशीच केली. लिटर मोजले, माणसं मोजली नाहीत. आमच्या मीटरवर आम्ही दोघं आणि कोप्यांतली अठ्ठावीस, अशी तीस माणसं आहेत. आसाराम, भाग दे.”

आसारामने मोबाईल काढला. एकेक घर, एकेक भागाकार. सगळी सभा त्याच्या अंगठ्याकडे बघत होती. शेवटी त्याने मान वर केली.

“येळवंडे धाव्या नंबरला,” तो म्हणाला. “पैला नंबर मच्छिंद्र. मान्सं दोन.”

“माझ्या म्हशी धरा की,” मच्छिंद्र ताडकन उभा राहिला. “चार हायेत. एकेक म्हस चार मान्सांचं पानी पिती, वर धुवावी लागती ती येगळीच.”

त्यावर सभेत म्हैस म्हणजे किती माणसं हा मुद्दा निघाला. कुणी दीड म्हणालं, कुणी तीन. दुभती आणि भाकड यांना सारखं धरावं का, यावर दोघे हमरीतुमरीवर आले. मुक्ताबाईंनी टेबलावर हात आपटला. म्हशींचं पुढल्या सभेला, त्या म्हणाल्या, तोवर नववं कलम बाजूला, आणि सार्वजनिक नळ कोप्यांच्या कडेला बसवायचा ठराव आत्ता. नळाला मीटर लावा, आणि त्या मीटरवर गावाचं नाव घाला, एवढी दुरुस्ती अण्णांनी सुचवली, आणि सगळ्यांनी हात वर केले. मागच्या रांगेत बसलेल्या सत्यशीलाबाईंनी हात वर केला नाही. त्या पदराने डोळे पुसत होत्या.

ठरावाचा नळ बसायला सरकारी पद्धतीने महिना तरी लागणार होता. तोवर हिरवा पाईप होताच.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला अण्णा झोपले नाहीत. पाट टाकून मीटरपाशी बसले. वही नाही, पेला नाही. थोड्या वेळाने चांदणी फिरू लागली आणि ते तिच्याकडे बघत राहिले, पूर्वी काट्यावर मोठी गाडी आली की बघायचे तसे. मागून राहीबाईचा आवाज येत होता. पाईप आज तिच्या हातात होता आणि ती कुणाला तरी अंगठा दाबून धरायला शिकवत होती.

सत्यशीलाबाई चहा घेऊन आल्या. अण्णांनी पाट सरकवून त्यांना बसायला जागा केली. चांदणी थांबली नाही.